सैतानाचा आग्रह

रविवार, मे २००४. पंचवटी.

आज नात मुक्ता आणि तिच्या मैत्रिणींच्या फासे टाकून सोंगं घ्यायच्या खेळात मी सैतान झालो. सैतानाकडून जी कणभर जरी घेईल, तिची सुट्टीभर खेळून मिळवलेली पवित्र तलवार जाते. सोनं, राज्य देऊ केलं, एकही बधेना. मग पंगतीत वाढताना करतो तसा आग्रह केला. "चमचाभर शिरा, ताई. माझ्या शब्दाला मान नाही का?" दोघी मैत्रिणी लगेच फसल्या! मुक्ताने मात्र पुढ्यात पान असल्यासारखा आडवा हात धरला. "पोट भरलं हो, सैतानकाका!"

तिची तलवार वाचली. हरूनही ऊर भरून आला. पण मग इतकी वर्षं पंगतीत मी हेच करत आलो की काय?

संध्याकाळी खरा शिरा केला. मुक्ता वाटीला हात लावेना. "आबा, आधी सांगा, आत्ता तुम्ही कोण आहात?"