गिरणीला लागून शाळा

ताई,

हे पत्र टाकायचं नाहीये, म्हणून खरं लिहिते. फोनवर ओरडू नकोस म्हणतेस. काय करू, शाळा गिरणीच्या भिंतीला लागून. मागांच्या खडखडाटावर आवाज चढवूनच आम्ही पाढे शिकवले. गिरणी बंद पडली, माणसं पांगली, वर्गात पाच मुलं उरली. माझा आवाज काही उतरला नाही.

काल पुढच्या बाकावरची पोर म्हणाली, "बाई, ओरडता कशाला? आम्ही इथंच आहोत."

मग हळू बोलले. मुलं माना डोलवत होती. मला मात्र माझाच शब्द ऐकू आला नाही.

शाळाही बंद होणार म्हणतात. तू बोलावतेस, येईनही. पण तुझ्या घरात सगळे हळू बोलतात.

तुझी,
धाकटी