हिरडीवरचा दाणा

४ जून, सकाळ
टिकलीने (आमची नात, वय तेरा दिवस) जांभई दिली. हिरडीवर दोन पांढरे दाणे! घरात कुणाचं लक्ष नाही, मी आहे म्हणून बरं. सुनेला म्हटलं, नखाने अलगद काढतो, सुताराचा हात आहे. तिने पोर उचललं आणि आतून कडी लावली.
संकल्प: टिकलीचा पाळणा पंधरा दिवसांत तयार.

५ जून
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळांना होतंच, आपोआप जातं, हात लावायचा नाही. मोठ्यांच्या हिरडीचं मात्र वेगळं, असं काहीतरी सांगू लागल्या. मी चपला घालत होतो. बाळासाठी आलो होतो ना!

२८ जून
टिकलीचे दाणे गेले. मी म्हणतच होतो.
माझ्याही खालच्या हिरडीवर एक आहे, वाटाण्याएवढा. दुखत नाही. हात लावायचा नाही, आपोआप जातं. एका फेरीत दोघांचं काम.

१९ जुलै
बोराएवढा झाला. जायच्या आधी वाढत असणार. बायकोचं तुणतुणं: दाखवून या. म्हटलं, पाळणा झाला की. पाळणा उद्या नक्की.

११ ऑगस्ट
एका गिऱ्हाइकाचं कपाट आलं. ठोकून पाहिलं, पोकळ वाजलं. वर पॉलिश, आत भुसा. तो म्हणे, इतकी वर्षं काही त्रास नव्हता. चांगला झापला. त्रास होईपर्यंत थांबतात लोक!
संध्याकाळी हिरडी दाबली. आत करकरलं, अंड्याच्या टरफलासारखं. फुटून जातोय बहुतेक.

८ सप्टेंबर, दुपार
पाळण्याला बसलो. नेहमीसारखे खिळे दातांत धरले. तीन पडले, कळलंच नाही. खालचा ओठ बधिर. हल्ली खिळेच गुळगुळीत येतात. एक दात तिरका दिसतो. आरसा बदलायला हवा.

२ ऑक्टोबर
बायको समोर येऊन बसली. माझ्या हनुवटीवर टकटक केलं, मी कपाटावर करतो तसं. तिचे डोळे भरले होते. उगाच राईचा पर्वत.
रात्री दोनदा उठून आरशात पाहिलं. आरसा बदलायलाच हवा.

३ ऑक्टोबर
दाताचे डॉक्टर. एक्स-रेमध्ये जबड्याच्या हाडात मोठा काळा गोल. आत पाण्याची गाठ, तिने हाड पोखरत नेलंय. कडेला कागदाएवढं उरलंय. एक खिळा जोरात चावला असता तर जबडा मोडला असता म्हणे. गाठ तपासायला पाठवणार. कधीपासून आहे, विचारलं. म्हटलं, आठवडा झाला असेल.
बायको म्हणाली, "जूनपासून. नातीला सांगितलेलं स्वतःला लावून बसलेत."
घाबरलो आहे. इथे लिहायला हरकत नाही.

२४ नोव्हेंबर
ऑपरेशन होऊन महिना झाला. रिपोर्ट साधा निघाला. जबड्यात धातूची पट्टी, तीन दात गेले. खिळे तोंडात धरायला कायमची बंदी.
टिकलीला आज पहिला दात आला. सून म्हणाली, "बाबा, बोट लावून बघा." लावलं. कडकडून चावली. मग सुनेने दोघांना एकाच पातेल्यातलं पातळ खिमट भरवलं. तिने माझ्याआधी संपवलं.
पाळणा अर्धाच आहे. सून म्हणाली, राहू द्या आता, ती मावणार नाही.