मुक्त, मोफत आणि तुझा पासवर्ड

प्रिय धाकट्या,

‘पोस्टर पाहिलं. मी येणार नाही.’ तुझी ही पाच शब्दांची मेल मेळाव्याच्या आदल्या दिवशी मिळाली. इतकं आटोपशीर लिहिणं तुला जमतं हे मला ठाऊक नव्हतं. लहानपणी मामाला पत्र लिही म्हटलं, की नुसत्या खुशालीत तू दोन पानं भरायचास. असो. तुझ्यावाचून मेळावा झाला, आणि त्याची हकिगत तुला ऐकवल्याशिवाय माझं डोकं थंड होणार नाही.

मुक्त सॉफ्टवेअरचा मेळावा भरवायचा आणि तुझा वाचनालयांचा प्रोग्राम चार जाणत्यांच्या हाती सोपवायचा, ही कल्पना तुझी. सात वाचनालयं त्याच्यावर चालतात, मला वेळ नाही, कुणीतरी सांभाळायला हवा, हे शब्दही तुझेच. प्रचार मात्र माझ्या गळ्यात. का, तर मी वर्तमानपत्रात तिरकस सदर लिहिते, तेव्हा हिला शब्द कळतात असा घरात समज! तीन आठवडे पत्रकं वाटत हिंडले. ज्याला द्यावं तो ‘मुक्त’पाशी अडखळे आणि विचारी, कशापासून? सभागृहाच्या कारकुनाने तर नोंदवहीत सरळ ‘व्यसनमुक्ती मेळावा’ लिहिलं आणि आवाज खाली आणून चौकशी केली, घरातलं कोण आहे? तूच डोळ्यांपुढे आलास.

शेवटी पोस्टरवरचा शब्द बदलला गेला. ‘मुक्त’चं ‘मोफत’ झालं. आणि लोक आले रे! रांग लावून आले, पिशव्या घेऊन आले. एक आजोबा बिघडलेला प्रिंटर काखोटीला मारून आले, आणि तो फुकटात दुरुस्त होईपर्यंत पहिल्या रांगेतून हलेनात. माणशी किती मिळणार ते विचारून एका गृहस्थांनी बायकोलाही बोलावून घेतलं. तुझा तो दाढीवाला मित्र स्वातंत्र्यावर तासभर तळमळून बोलला. शंका असतील तर विचारा म्हणाला, तर मागून एकच शंका आली: वाटप कधी?

त्या गर्दीत एक निवृत्त ग्रंथपाल बाई होत्या. त्यांच्या हातात पिशवी नव्हती, वही होती. तुझ्या प्रोग्रामात ‘ज्ञ’ची पुस्तकं ‘ज’च्या घोळक्यात हरवतात, कपाटात पुस्तक असतं, यादीत सापडत नाही, आणि वाचक हात हलवत परत जातो. बाईंनी साठी उलटल्यावर प्रोग्रामिंग शिकून ही चूक आपल्या संगणकावर सुधारली. तुला तीनदा कळवलं. तू हूं की चूं केलं नाहीस. मला म्हणाल्या, “यात हात घालण्याआधी कुणाची परवानगी घ्यायला हवी होती का हो?”

मी म्हटलं, “छे, परवानगी लागत नाही, म्हणून तर ते मुक्त.”

आणि बोलता बोलता तो शब्द पहिल्यांदा मलाच कळला. बारा वर्षं तू जेवणाच्या ताटावर समजावत होतास, तेव्हा डोक्यावरून गेला होता.

पण माझा आनंद दाढीवाल्याने फार टिकू दिला नाही. बाईंची दुरुस्ती उत्तम आहे, म्हणाला, पण सातही वाचनालयांना प्रोग्राम पोचतो तो एकाच ठिकाणाहून, आणि तिथला पासवर्ड एकट्या तुझ्याकडे. वा रे वा! जगाला मुक्तीचे धडे द्यायचे आणि किल्ली आपल्या कनवटीला! वर एका शब्दासाठी फुगून बसायचं. बसलास तेही एक वेळ चाललं असतं. शब्द छापखान्यातल्या काकांनीच बदलला असं धरून, त्यांना फोन करून अडाणी कशाला म्हणालास? तुझ्या जन्माआधीपासून त्यांचे हात शाईत आहेत. ते एवढंच म्हणाले, चूक झाली साहेब. फोन स्पीकरवर होता. मी त्यांच्या समोरच स्टुलावर बसले होते.

हे पत्र त्या स्टुलासाठी आहे. काकांची काही चूक नव्हती. मजकूर हातात घेऊन त्यांनी मला दोनदा विचारलं होतं, ताई, नक्की ना? शब्द बदलला गेला नाही, मी बदलला. रिकाम्या खुर्च्यांना भ्याले. आणि तू त्यांना बोलत होतास तेव्हा, एरवी आठवड्याला चार जणांची सालं काढणारी मी, तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. काल जाऊन त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, भावंडांत वितुष्ट नको म्हणून आपलं घेतलं अंगावर. मान वर करवली नाही मला. आता रागवायचं तर माझ्यावर रागव, चांगला महिनाभर रागव. पण आधी काकांना फोन कर. आणि बाईंचा पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय, त्यांना तो पासवर्ड देऊन टाक. दात-ओठ खात दे, पण दे.

तोंड उघडायला उशीर केलेली, तरी तुझीच,
ताई