माहीत असलेला दोष

धायरी, पुणे
१२ फेब्रुवारी २००६

प्रिय केयूर,

फोनवर तू घाईत असतोस आणि जे बोलायचं तेच माझ्याकडून राहून जातं, म्हणून लिहायला बसलो. तुझ्या ओवीचे फोटो पोचले. शेजारच्या पूर्वाने तिच्या कॉम्प्युटरवर दाखवले. ओवीची जिवणी थेट तुझ्या आईसारखी आहे. समोरची पेरूची बाग गेली, आता तिथे सात मजल्यांचा सांगाडा उभा आहे. तीन खोल्यांत एकटा माणूस करतो काय, हे तुझं म्हणणं पटलं म्हणूनच फ्लॅट विकायला काढला.

माणसं चांगली मिळाली होती. धम्मदीप हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे, त्याची बायको दीपाली शाळेत शिकवते. तिला सातवा महिना. एजंटाच्या सांगण्यावरून मी बाथरूमच्या ओल्या भिंतीवर नव्या टाइल्स बसवून घेतल्या होत्या. दीपालीने त्यांवरून हात फिरवला आणि बाळाच्या अंघोळीला गरम पाणी अगदी हाताशी आहे, म्हणून खूश झाली. मी नुसती मान डोलावली. त्या माझ्या मान डोलावण्याची मला अजून लाज वाटते.

गेल्या सोमवारी आम्ही सगळे वकिलांकडे बसलो होतो. त्यांनी खरेदीखताचा मसुदा वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं, की विकणाऱ्याला माहीत असलेला, पण घेणाऱ्याला सहज दिसणार नाही असा कोणताही दोष लपवून ठेवलेला नाही. हे सांगणं कायद्यानेच बंधनकारक आहे, असं म्हणून त्यांनी पान उलटलं. एजंट खिडकीबाहेर बघत राहिला. मी वकिलांना थांबवलं. वरच्या मजल्याचा पाइप त्या भिंतीत गळतो, गीझरची वायरही त्याच भिंतीतून जाते, हे सांगितलं. आणि मग म्हणालो, "तीन वर्षांपूर्वी बाथरूमच्या नळात करंट उतरला. त्यात माझी बायको गेली."

होय केयूर, तू वाचलंस ते बरोबर आहे.

दीपाली उठून बाहेर गेली. धम्मदीपने आवाज चढवला नाही. त्याने एवढंच विचारलं, "काका, तुमच्या मुलाला हे माहीत आहे?" दुसऱ्या दिवशी दीपालीने फोन करून सांगितलं, की मनात राग नाही, पण त्या घरात तिचा जीव लागणार नाही. व्यवहार मोडला.

नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, असं तुझी आई दिवाळीपासून सांगत होती. मी तिला रबरी चप्पल आणून दिली. वायरमन बोलावायचा तर भिंत फोडावी लागली असती, आणि तुझ्या लग्नाची बोलणी चालू होती. पाहुणे येऊन जाऊ देत, म्हणालो. त्या सकाळी ती चप्पल घालायला विसरली. मेन स्विच बंद करून मी तिला बाहेर आणलं, तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टरांना मी सांगितलं, छातीत दुखतंय म्हणत होती. त्यांनी दाखल्यावर तेच लिहिलं. तुलाही तेच सांगितलं. तू तिकडून दोन दिवसांनी पोचलास आणि माझ्या गळ्यात पडून म्हणालास, "बाबा, तुम्ही तरी काय करणार होतात." त्यानंतर खरं बोलण्याचं धैर्य मला झालं नाही.

कदाचित आजही झालं नसतं. पण परवा फोनवर तू सांगितलंस, की आई बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेली म्हणून डॉक्टरांनी तुला गोळ्या सुरू केल्या आहेत, तू पळणं सोडलंस आणि आता ओवीचीही तपासणी करायची म्हणतोस. परक्या माणसांना मी भिंतीतला दोष सांगितला, आणि माझ्या नातीला मात्र नसलेला दोष देऊन बसलो. तुझ्या डॉक्टरांना हे पत्र वाचून दाखव. मला फोन करायचा की नाही, ते तुझं तू ठरव. तुझ्या आईचं हृदय शेवटपर्यंत ठणठणीत होतं रे.

तुझाच,
बाबा