दुभाष्याची कॅसेट

प्रिय मेव्हणेबुवा यांस,

सप्रेम नमस्कार. तुमच्या गुडघ्याची कुरकुर थांबली असेल, आणि त्यामुळे वहिनींचीही, असे धरून चालतो. मी ठीक आहे. घरात पूर्वी शांतता होती, आता तुम्ही पाठवलेला संगणक आहे.

तुम्ही चिठ्ठीत लिहिलेत, की हे यंत्र जन्मतः अडाणी असते; त्याला आधी कॅसेटवरून दुभाष्या पाजावा लागतो. मग ते आपली एकेक ओळ वाचते, समजली तर कामाला लागते, नाहीतर चूक दाखवते. म्हणजे आमचे कवितेचे मास्तरच की. (फक्त छडी नाही.) नाहीच जमले, तर रविवारी येऊन सगळी कॅसेट पुसून दुभाष्या नव्याने भरून देतो, असेही तुम्ही लिहिलेत. ते तेव्हा मला सोयीचे वाटले होते.

काल दुपारी टेबल खिडकीशी ओढले, यंत्र जुन्या टीव्हीला जोडले, टेपरेकॉर्डर शेजारी मांडला आणि बटण दाबले. पाटीवर कुणी खिळा ओढत बसावे तसा आवाज. शेजारच्या वकिलांनी भिंतीवर थाप मारून विचारले, कुणी गेलं का हो? मी म्हटले, नाही, शिकतंय. पण पडदा ढिम्म. टेप मागे नेली, आवाज वाढवला, कमी केला, शेवटी कंटाळून तशीच चालू ठेवून डोळे मिटले. किंचाळी संपली, खरखर आली, आणि त्या खरखरीतून मीच बोलू लागलो. आवाज माझा, पण केस काळे असतानाचा. शाळेतली ती नदीची कविता म्हणत होतो. (तुम्हीही ती भोगली आहे.) तिसऱ्या कडव्याशी नेहमीसारखा अडलो. आणि तुमची ताई म्हणाली, "हं, पुढे?"

ती गेल्यापासून हा आवाज घरात झाला नव्हता. काटकसरीपायी तुम्ही तिच्याच जुन्या कॅसेटवर दुभाष्या भरलात, हे तेव्हा कळले. डोळे उघडले, तर पडद्यावर 'तयार' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द, आणि खाली एक पांढरा चौकोन उघडझाप करत होता. वाट पाहणारे माणूस असेच पापण्या हलवते.

दुसरे काय सुचणार? इंग्रजी अक्षरांत तीच कविता टंकायला घेतली. दर ओळीला चूक. (नदीला व्याकरण नसते, हे यंत्राला कोण सांगणार.) तिसऱ्या कडव्याशी बोटे थांबली. चौकोनाचीही उघडझाप थांबली. नुसता टक लावून. टेप केव्हाच संपली होती, तरी मी कान देऊन बसलो. मग मनानेच एक ओळ जुळवून ठोकून दिली. यंत्राने चूक म्हटले नाही. पाहुण्यांची सुटका व्हावी म्हणून तुमची ताई माझी अशीच कुठलीही ओळ चालवून घेत असे.

वहिनींना नमस्कार. रविवारी कविता होणार नाही, असे त्यांना सांगावे.

आपला,
दाजी

ता. क. येताना कोरी कॅसेट आणा आणि काय ते तिच्यावर भरा. हिला हात लावायचा नाही. यंत्र अडाणी राहिले तरी चालेल.

आणखी ता. क. हे लिहून टेबल आवरले. टेपरेकॉर्डरकडून यंत्राकडे जाणारी वायर तुमच्या खोक्यातच आहे, तुम्ही बांधलेल्या गाठीसकट. (ती लावली की टेपचा आवाज बाहेर ऐकू येत नाही, असे चिठ्ठीच्या शेवटी आहे. मी शेवटपर्यंत वाचली नव्हती.) म्हणजे यंत्राने जे ऐकले, ते माझ्यासारखेच, खोलीत बसून ऐकले. रविवारी तुम्ही वायर मागाल, तेव्हा ती सापडत नाही असे मी म्हणेन. तुम्ही ते खरे मानावे.