डाव्या कुशीवरची चौकशी

तीर्थरूप दादास,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकायला अजून काही दिवस जपूनच सांगितलं आहे, तेव्हा नमस्कार अर्धवट वाटला तर उरलेला भेटीत पुरा करीन. कारण पुढे येईल.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींची सर्दी गेली का? दुकानातल्या नव्या माणसाला अर्ध्या इंची आणि पाऊण इंची नळातला फरक कळायला लागला, की अजून गिऱ्हाइकालाच विचारतो? आम्ही इकडे ठणठणीत. ही मात्र माझ्याशी मोजकंच बोलते आहे, त्याचंही कारण पुढे येईल.

तू फोनवर सांगितलेलं काम मी पार पाडलं आहे. निदान ते पार पडलं तेव्हा मी त्या खोलीत होतो. आपल्या बारकीने, म्हणजे तुझ्या धाकट्या लेकीने, ज्या पोटाच्या डॉक्टरशी लग्न करायचं म्हणून घरात सांगितलं, त्याचं शिक्षण, कामाचा पूर्वेतिहास आणि एकंदर वळण यांची गुपचूप चौकशी करायची, असं ते काम. मी त्याच शहरात राहतो आणि सगळी नोकरी विमा कंपनीत लोकांचे खोटे दावे पकडण्यात घालवली, म्हणून तू ते विश्वासाने माझ्यावर सोपवलंस. तुझे आक्षेप मी पाठ केले होते. हा गृहस्थ चौतिशीला येईपर्यंत शिकतच होता, म्हणजे मधे कुठेतरी गटांगळ्या खाल्ल्या असणार. तीन गावांतली तीन हॉस्पिटलं सोडली, म्हणजे कुठे टिकत नाही. आणि एवढं करून डॉक्टर झाला तो नुसत्या पोटाचा, आख्ख्या माणसाचासुद्धा नाही. आता बारकी तुझ्या होकाराशिवाय लग्न करणार नाही म्हणते, आणि तू महिनाभर तिच्याशी धड बोलत नाहीस, ती वाढायला आली की ताटावरून उठतोस, हे वहिनींनी मला वेगळा फोन करून सांगितलं. (मी हे तुला सांगितलं असं त्यांना सांगू नकोस.) पोर तुझ्या एका शब्दासाठी अडून बसली आहे, हे ध्यानात ठेवूनच मी घराबाहेर पडलो.

वेष बदलला होता. कानटोपी, काळा चष्मा आणि तुझा जुना कोट, जो तुला मोठा होतो म्हणून तू मला दिला होतास आणि मलाही मोठाच होतो. ही म्हणाली की साध्या कपड्यांत गेलात तर कोणी ढुंकून बघणार नाही, असे गेलात तर पोलीस बघतील. पण चौकशीतलं तिला काय कळतं? दवाखाना चष्म्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर आहे. इतर दवाखान्यांत माणसं एकमेकांना काय होतंय म्हणून विचारतात, इथे कोणी विचारत नाही. सगळे समोरच्या भिंतीकडे बघत बसतात, आणि मधूनच कोणीतरी उठून कोपऱ्यातल्या ठरावीक दाराकडे लगबगीने निघालं की बाकीचे न सांगता पाय आवरून वाट देतात. एवढे समंजस लोक एका खोलीत मी आजवर पाहिले नव्हते. भिंतीवर तिघा डॉक्टरांच्या नावांचा फलक होता, आणि प्रत्येक नावापुढे पदव्यांची अक्षरं इतकी की नाव इंजिनासारखं पुढे आणि मागे सगळी मालगाडी. माझा बेत साधा होता. कोपऱ्यात बसायचं, फलक वाचायचा, काउंटरवरच्या बाईंना बोलतं करायचं आणि घरी यायचं. पण त्यांनीच मला विचारलं, कोणाबरोबर आलात? मी म्हटलं, कोणाबरोबर नाही. मग त्रास काय? दादा, विमा कंपनीतल्या माणसाला दुसऱ्याचं खोटं ओळखता येतं, पण स्वतःचं रचता येतंच असं नाही. मी आपला पोटावर हात ठेवला. तिथून सगळं घसरलं.

आधी मला गाठलं ते उंच डॉक्टरांनी. ते यकृतवाले. नमस्कार करायच्या आत त्यांनी माझा काळा चष्मा वर केला, खालची पापणी ओढली, डोळ्याचा पांढरा भाग बघितला आणि 'छान' म्हणून निघून गेले. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, ते सगळ्यांना तसंच भेटतात. परदेशात जाऊन कितीतरी वर्षं त्यांनी यकृताशिवाय दुसरं काही बघितलं नाही. आतड्याबद्दल काही विचारलं तर ते शेजारच्या खोलीकडे बोट दाखवतात. (तेव्हा तुझ्या तिसऱ्या आक्षेपाबद्दल एवढंच सांगतो की आपल्या उमेदवाराकडे निदान पूर्ण पोट आहे. त्या खात्यात हा मोठाच प्रांत समजला जातो.)

मग आपला उमेदवार. दिसायला बरा आहे, नाक थोडं पुढे आहे, पण आपल्या घराण्याने नाकाबद्दल बोलू नये. मी त्याची माहिती काढायला गेलो होतो, पण त्या खोलीत खुर्ची माझ्याकडे आणि पेन त्याच्याकडे होतं. कुठे दुखतं? मी डावीकडे दाखवलं. थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारलं तेव्हा मी उजवीकडे दाखवलं. त्याने तेही लिहून घेतलं. मी मनात म्हटलं, भोळा आहे, बारकीला सांभाळून घेईल. मग त्याने कागदावर आपल्या घराण्याचं चित्र काढायला घेतलं. पुरुष असला की चौकोन आणि बाई असली की गोल. आजोबा कशाने गेले, आत्या कशाने गेली, सगळं विचारत गेला. वडील कशाने गेले? मी म्हटलं, वयाने. वय किती होतं? मी सांगितलं, आणि त्याचं पेन थांबलं. दादा, आपण इतकी वर्षं आप्पांना म्हातारे समजत आलो, आणि ते गेले तेव्हा माझ्या आत्ताच्या वयापेक्षा लहान होते. आठवतं? पोटात दुखतंय म्हणायचे, दुकानाचं शटर अर्धं ओढून आत आडवे व्हायचे, आणि आपण म्हणायचो, खाण्यात काही आलं असेल. मला त्या खुर्चीवर बसल्या बसल्या गलबलून आलं. काळा चष्मा असल्यामुळे निभावलं. त्याने आप्पांचा चौकोन पेनाने भरून काळा केला, शेजारी माझा चौकोन काढला, त्याच्या शेजारी तुझा, आणि म्हणाला की नळी घालून आतून बघायला हवं.

आता तूच सांग, मी काय करणार? नको म्हणावं तर पोटदुखी खोटी ठरते. खरं सांगावं तर तुझी चौकशी उघडी पडते. शिवाय माणूस काम करताना कळतो, हे मी नोकरीत शिकलो आहे. म्हणून मी ताठ मानेने म्हटलं की नळी घालणाऱ्याचं शिक्षण कळल्याशिवाय मी पोट कोणाच्या स्वाधीन करत नाही. (बघ, कशी कामाला वाट काढली!) त्यावर त्याने मला सरळ त्या दवाखान्याच्या मोठ्या बाईंकडे नेलं. ठेंगण्याशा, पांढरे केस, आवाज असा की फलकसुद्धा सरळ टांगला जावा. तो दवाखाना त्यांनीच काढलेला, आणि एके काळी आसपासच्या साऱ्या भागात पोटाची नळी ती एकच आणि ती चालवणाऱ्या त्या एकट्याच. तुझे आक्षेप मी माझे म्हणून एकेक पुढे ठेवले. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की हा आधी आख्ख्या माणसाचा डॉक्टर झाला, मग पुन्हा आख्ख्या माणसाचा, जरा खोलात जाऊन, मग पोटाचा, मग नुसत्या नळीचा. मधे प्रवेशाच्या परीक्षा आणि सक्तीची नोकरी. नापास एकदाही नाही, हे शिक्षणच एवढं लांब आहे. आणि त्या तीन हॉस्पिटलांतून कोणी हाकललं नाही, शिकवण्यासारखं संपलं म्हणून पुढे धाडलं. त्यांच्या हाताखाली आला तेव्हा त्यांनी बराच काळ त्याला नळीला हातच लावू दिला नाही. त्याचं काम एकच, पेशंटच्या खांद्यावर हात ठेवून उभं राहायचं. ज्याला ते जमत नाही त्याच्या हातात मी नळी देत नाही, म्हणाल्या. मी गप्प बसलो. तू असतास तर तूही बसला असतास, आणि ते बघायला मी मुद्दाम तिकीट काढलं असतं.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी पिण्यासाठी त्यांनी एक औषधाचं पाणी दिलं होतं. त्याबद्दल सभ्य पत्रात लिहिता येण्यासारखं काही नाही. तुझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर सगळी लाइन फ्लश झाली. नेमकी त्याच संध्याकाळी हिची बहीण सहकुटुंब आमच्याकडे उतरली होती, आणि आमच्या घरात ते ठरावीक दार एकच आहे. ही मोजकं बोलते त्याचं कारण हे.

सकाळी मला एका पलंगावर घेतलं, गुंगीचं इंजेक्शन दिलं, डाव्या कुशीवर वळा म्हणाले, मी वळलो. खांद्यावर कोणाचा तरी हात आला एवढं आठवतं, पुढचं सगळं मागाहून सिस्टरांकडून कळलं. गुंगीत माणसाने निपचित पडावं अशी अपेक्षा असते. काही गातात म्हणे, एकाने तर आख्ख्या सोसायटीची मीटिंग घेतली होती. मी चौकशी सुरू केली. डाव्या कुशीवर, त्या अवस्थेत, खणखणीत आवाजात. खरं सांग, किती वेळा नापास झालास? पितोस का, किती आणि कोणाबरोबर? रागावलास की ताटावरून उठतोस का? (हा दोष आमच्या घरात एक आहे, दुसरा नको, असंही म्हणालो म्हणे.) आमची बारकी सकाळचा चहा होईपर्यंत कोणाशी बोलत नाही, ठाऊक आहे का? आणि शेवटी म्हणे मी त्याला समजावलं की आमचा दादा आरडाओरडा करतो तो घाबरला की करतो, लेक दूर जाणार म्हणून घाबरला आहे, तू मनावर घेऊ नकोस. शुद्धीत मी हे तुझ्याबद्दल कधी बोललो नसतो, पण दादा, खोटंही नाही ना ते?

सिस्टर म्हणाल्या, डॉक्टरांनी पडद्यावरची नजर न काढता एकेका प्रश्नाचं नीट उत्तर दिलं. मोठ्या बाई हसून हसून स्टुलावर बसल्या. मी विचारलं, उत्तरं काय दिली? तर म्हणाल्या, पेशंटच्या खोलीतलं आम्ही बाहेर सांगत नाही. मी म्हटलं, अहो, पेशंट मीच! तरी नाही. म्हणजे सगळे प्रश्न विचारून झाले, सगळी उत्तरं मिळाली, फक्त ती माझ्याकडे नाहीत. असा अहवाल मी सगळ्या नोकरीत दिला नव्हता. तेव्हा निष्कर्ष काय काढायचा तो तूच काढ, मी लहान आहे. बाकी सगळं क्षेम. वहिनींना नमस्कार, बारकीच्या पाठीवर एक थाप.

तुझा, आतून स्वच्छ झालेला,
धाकटा भाऊ

ता.क. : गुपचूप चौकशी तितकीशी गुपचूप राहिली नाही, हे लिहायचं राहिलं. कानटोपी आणि चष्मा जमवला आणि काउंटरवर नाव विचारल्यावर मी आपलं खरं आडनाव सांगितलं. तसंही फरक पडला नसता. माझे काका कधीतरी वेष बदलून येतील, त्यांना हसू नकोस, असं बारकीने त्याला आधीच बजावून ठेवलं होतं.

ता.क. दुसरा : आत एक गाठ होती. लहानशी. त्याने तिथल्या तिथे काढली. काल तपासून आली, साधीच निघाली, पण राहिली असती तर काही वर्षांनी साधी राहिली नसती. मी ठणठणीत लिहिलं ते त्यामुळेच. मी त्याला विचारलं, पोटदुखी खोटी आहे हे कळत होतं, मग तपासलंस कशाला? म्हणाला, "काका, पोटदुखी खोटी होती, पण आप्पांचं वय खरं होतं." मग त्याने तो चित्राचा कागद काढला आणि तुझ्या कोऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. दादा, वहिनींचा तो फोन नुसता बारकीबद्दल नव्हता. हल्ली तू जेवण झालं की दुकानाचं शटर अर्धं ओढून आत आडवा होतोस, असंही त्या म्हणाल्या. मला फार भीती वाटते आहे. तू ये.

ता.क. शेवटचा : तुझी वेळ घेतली आहे, येत्या गुरुवारी सकाळी. बारकी बरोबर येईल, कारण गुंगीनंतर घरचं माणूस असल्याशिवाय ते सोडत नाहीत. एकच अडचण आहे. डॉक्टरने आपल्याच घरच्या माणसाला स्वतः नळी घालायची नाही, असा तिथला दंडक आहे. तेव्हा तू बारकीला होकार दिलास तर तू त्याचा सासरा, तुझी तपासणी मोठ्या बाई करतील आणि जावई फक्त खांद्यावर हात ठेवून उभा राहील. नकार दिलास तर तू परका माणूस, आणि नळी त्याच्या हातात. काउंटरवरच्या बाई विचारताहेत, कोणत्या डॉक्टरांचं नाव लिहू? घाई नाही, बुधवारपर्यंत कळव. तू काहीही ठरवलंस तरी वळायचं डाव्या कुशीवरच आहे.