चार दिवस मामाकडे

१५ जून
उदगीर सुटलं, जुळे सोलापूर भागात बस्तान बसलं. फ्लॅट हवेशीर आहे, शेजार बोलका आहे. अमरेशला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मॅनेजरची जागा मिळाली म्हणून हे सगळं. तो खूश, मी खूश. गुरु मात्र तोंड फुगवून बसलेला. चौदाव्या वर्षी मित्र सोडून यायचं म्हणजे त्याचंही खरंच. शेवटी बापाने लाच कबूल केली. सायकल नाही, मोबाइल नाही, साप! आपल्याकडचे साप पाळायला बंदी आहे म्हणे. हा परदेशी, अजगराच्या जातीतला, बिनविषारी, कागदपत्रांसकट पुण्याहून येणार. मी कपाळाला हात लावला.

आज सात रस्त्याजवळ काचेची पेटी बनवायला टाकली. चार फूट लांब, पुढे सरकती काच, तिला कुलूप. दुकानदाराला वाटलं, मासे ठेवणार. खरं कळल्यावर त्यानेच आपणहून मोठं कुलूप सुचवलं.

२२ जून
आला बाबा एकदाचा. कापडी पिशवीतून, गाठ मारून. अंगावर तपकिरी-सोनेरी नक्षी, थेट आपल्या सोलापुरी चादरीवरची. नव्या गाडीला ओवाळतो तसं मी त्यालाही ओवाळलं, काचेवर विभूतीची तीन बोटं ओढली. अमरेशने कारखान्यातले बाद टॉवेल अंथरले, गुरूने लपायला मडकं पालथं घातलं. पेटीला ऊब द्यायला गरम पॅड लावा, असं पुस्तकात लिहिलंय. सोलापुरात ऊब! ते पॅड मी माळ्यावर टाकून दिलं.

लिंगायताच्या घरात गोठवलेले उंदीर ठेवायचे, ही माझी खरी परीक्षा. जुना छोटा फ्रीज बाल्कनीत लावला. स्वयंपाकघरात त्यातलं काही दिसलं तर दोघांनाही घराबाहेर काढीन, असं बजावलंय.

१३ जुलै
साप खात नाही. गुरु चिमट्यात उंदीर धरून तासन्‌तास बसतो, हा तोंड फिरवतो. पुण्याचा विक्रेता म्हणतो, नव्या जागी हे रुसतात, काळजी करू नका.

दुपारी घरात मी आणि तो, दोघंच. कामं उरकली की मी पेटीसमोर बसून त्याच्याशी कानडीत बोलते. अण्णा म्हणते त्याला. मान उचलून ऐकतो हो, अमरेशपेक्षा बरा.

२९ जुलै, नागपंचमी
मला भाऊ नाही. आई-अप्पा गेले तसं माहेरही गेलं. पंचमीला बाकीच्या बायकांना न्यायला भाऊ येतात, मी गॅलरीतून बघते आणि त्यांचा हेवा करते. हे कधी कुणाला सांगितलेलं नाही.

काल मी जन्मात पहिल्यांदा भावाचा उपवास धरला. आज पेटीला हार घातला, लाह्या ठेवल्या आणि गमतीने अण्णाला म्हटलं, धाकट्या बहिणीला कानडीत तंगी म्हणतात, मला तशी हाक कधी कुणी मारली नाही, तू मार. मला काही घर सोडून येता येत नाही, पण जोडून सुट्टी आली की भाच्याला घेऊन जा चार दिवस.

खालच्या मजल्यावरच्या ईरम्मा तेव्हा मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, असलं काय बी बोलू नका की, आज भाऊ म्हटलं की तो भाऊच होतोय, शब्द धरून बसतंय मग. मी हसले. त्या हसल्या नाहीत, लाह्यांची वाटी ठेवून निघून गेल्या.

९ ऑगस्ट, राखी पौर्णिमा
पेटीच्या कुलपाला राखी बांधली. अमरेशने डोळे फिरवले. फिरवू दे.

१० ऑगस्ट
सकाळी कपाट उघडलं. माझ्या साड्यांवर त्याची कात. अख्खी, कुठे फाटलेली नाही, नीट घडी घातलेली.

भाऊ बहिणीला साडी देतो. खरं सांगते, माझ्या मनात आधी तेच आलं आणि मला बरं वाटलं. भीती नंतर वाटली. पेटी बंद होती, कुलपावरची राखी जशीच्या तशी होती. अमरेश गुरूवर ओरडला. गुरूने माझी शपथ घेतली, आणि माझी खोटी शपथ तो घेत नाही.

१२ ऑगस्ट
गुरु शाळेतून आला की पेटीपाशी बसतो. खेळायला जात नाही. आज स्वतःहून सांगत होता, मामाच्या गावाला ऊन नसतं. सगळे एकमेकांच्या अंगावर झोपतात, कुणाला एकटं वाटत नाही. मी विचारलं, तो जेवत का नाही रे. तर म्हणाला, मामा भाच्याला घरी नेल्यावरच जेवणार आहे.

कोण मामा, ते मला विचारवलं नाही.

१३ ऑगस्ट
अमरेशने ठरवलं, साप परत द्यायचा. मला वाटलं गुरु आकांत करील. त्याने आत जाऊन बॅग भरली. दोन शर्ट, टॉवेल, ब्रश.

मी रिकामी केली. त्याने पुन्हा भरली.

१५ ऑगस्ट, सकाळ
अमरेश दहाच्या सुमारास गाडी घेऊन पुण्याला निघाला. पिशवीची गाठ मी स्वतः मारली, दोनदा. सुटलो म्हणायचं.

गुरु झेंडावंदन करून आला. म्हणाला, आई, तीन दिवस सुट्टी आहे, जोडून.

जोडून.

१५ ऑगस्ट, दुपार
अमरेशचा फोन. टेंभुर्णीला चहाला थांबला, पिशवी हलकी लागली. गाठ तशीच — आत काही नाही. तो माघारी वळलाय. दार उघडू नकोस म्हणाला. कुणालाही.

ईरम्मांचा फोन. शिवलीला, तुमाला भाऊ न्हाय म्हणत होता की, मग जिन्यावर कोण बसलाय? तुमचंच नाव घेतोय. गळ्यापर्यंत चादर गुंडाळून — तपकिरी, सोनेरी —

थाप नाही. दाराला काहीतरी घासतंय. खालून वर.

तंगी —

किती मायेने. देवा, किती मायेने हाक —

उघडायचं नाही. उघडायचं नाही. पण आजवर कुणी — मला न्यायला कुणीच —

मला नाही. गुरूला. मीच सांगितलं होतं.

गुरु बॅग पाठीवर घेऊन उभा आहे. एका हाताने त्याला धरलंय, एका हाताने लिहितेय. हात गार लागतोय त्याचा. डोळे मिटत नाहीत —

म्हटलं, थांब बाळा, पाहुण्याला आधी पाय धुवायला पाणी देऊ, मग जा. तेवढाच वेळ — अमरेश येईपर्यंत —

गुरु हसला. म्हणाला, आई, मामाला पाय —